ग्राफिक्स कार्डाची काटकसर

स्टोव्हवर भांडे ठेवले आणि जाळ त्याच्या बुडाबाहेर येऊ लागला, म्हणजे घरातील जाणती गृहिणी तो तत्काळ उतरविते. जाळ मोठा असला तर अन्न लवकर शिजते हे खरे; परंतु ते एका मर्यादेपर्यंतच. त्या मर्यादेपलीकडचा जाळ अन्न शिजवीत नाही, केवळ स्वयंपाकघरातील हवा तापवितो; तेल मात्र जळतच राहते. ही गोष्ट शिकण्यासाठी तिला पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडावे लागत नाही. महिनाअखेर तेलाचा डबा ती शिकवितो. संगणकातील ग्राफिक्स कार्डाच्या साह्याने आभासी चलनाचे मायनिंग करणाऱ्या लोकांना हाच धडा विजेच्या बिलाने शिकविला. ‘अधिक वेग म्हणजे अधिक काम’ ही त्यांची पहिली समजूत होती. ‘योग्य जागी वेग आणि इतरत्र संयम म्हणजे अधिक काम’ हे त्यांना पुढे कळले.

मायनिंग या शब्दाचा अर्थ खाणकाम. परंतु येथे कुदळ नाही आणि माती नाही. बिटकॉइनसारख्या चलनाची एक सामाईक खातेवही असते. तिच्या प्रती जगभरच्या असंख्य संगणकांवर ठेवलेल्या असतात आणि तिच्यात एकामागून एक पाने जोडली जातात. नवे पान जोडण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविण्यासाठी एक कोडे घातले जाते. पानावरील मजकुरासोबत एक आकडा लिहावयाचा आणि त्या सर्वांचा ‘हॅश’ नावाचा ठराविक लांबीचा अंकरूप ठसा काढावयाचा. तो ठसा नेमून दिलेल्या मर्यादेहून लहान आला, तर कोडे सुटले. नाही तर दुसरा आकडा घेऊन पुन्हा प्रयत्न. यात बुद्धीचे काम काहीच नाही. कोट्यवधी किल्ल्या एकामागून एक लावून पाहाव्या आणि कुलूप उघडते का ते बघावे, असा हा प्रकार होय. ज्याचे कुलूप प्रथम उघडेल त्यास नव्या नाण्यांचे बक्षीस मिळते.

बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ रोजी लिहिले गेले. आरंभी हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर होत असे. पुढे २०१० मध्ये लोकांच्या ध्यानात आले की, चित्रपटासारखी हलती दृश्ये रंगविण्यासाठी बनविलेले ग्राफिक्स कार्ड या कामास कितीतरी अधिक योग्य आहे. मुख्य प्रोसेसर हा चार-आठ निष्णात पंडितांसारखा असतो, तर ग्राफिक्स कार्ड म्हणजे सहस्रावधी कामाठी. काम जेव्हा एकाच साच्याचे आणि अफाट असते, तेव्हा पंडितांपेक्षा कामाठीच उपयोगी पडतात. ग्राफिक्स कार्डावर मायनिंग करण्याची आज्ञावली लिहिणाऱ्या आरंभीच्या लोकांत लास्लो हान्येझ हा अमेरिकेतील प्रोग्रामर होता. मे २०१० मध्ये दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेणारा म्हणून जो गृहस्थ जगप्रसिद्ध झाला, तो हाच.

कार्डांचे हे राज्य बिटकॉइनमध्ये फार काळ टिकले नाही. २०१३ पासून केवळ तेवढ्या एकाच गणितासाठी घडविलेली खास यंत्रे बाजारात आली आणि ग्राफिक्स कार्डे मागे पडली. त्यांना दुसरे आणि अधिक मोठे राज्य मिळाले ते ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या ईथिरियम या जाळ्यात. कार्डाच्या सेटिंगांची काटकसर ही जी कला पुढे विकसित झाली, ती मुख्यतः येथे. म्हणून तिचा विचार ईथिरियमच्याच उदाहरणाने करणे सोयीचे आहे.

ईथिरियमच्या कोड्याचे नाव ‘ईथॅश’. खास यंत्रांनी मक्तेदारी करू नये म्हणून त्याच्या रचनाकारांनी एक युक्ती योजली होती. कोडे सोडविताना नुसती आकडेमोड पुरणार नाही, तर एका प्रचंड कोष्टकातून पुन्हा पुन्हा आकडे वाचावे लागतील, अशी रचना त्यांनी केली. हे कोष्टक आरंभी सुमारे एक गिगाबाइटचे होते आणि दर तीस हजार पानांनंतर थोडे थोडे वाढत जाई. २०२० च्या अखेरीस ते चार गिगाबाइटांच्या पुढे गेले आणि तेवढीच मेमरी असलेली कार्डे निरुपयोगी ठरली. एक ठसा काढण्यासाठी या कोष्टकात चौसष्ट ठिकाणी जावे लागे आणि प्रत्येक ठिकाणाहून १२८ बाइट उचलावे लागत. म्हणजे एका ठशामागे ८,१९२ बाइटांचे वाचन.

जुन्या मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर या रचनेचा परिणाम सहज उमगतो. कचेरीत एक चपळ कारकून बसला आहे. प्रत्येक प्रकरणासाठी त्याला दप्तरखान्यातून चौसष्ट रुमाल मागवावे लागतात आणि ते शिपाई आणून देतात. रुमाल हाती पडताच कारकून आपले काम क्षणात उरकतो आणि पुढच्या रुमालाची वाट पाहत बसतो. अशा स्थितीत कारकुनाचा पगार दुप्पट करून त्यास अधिक वेगाने लिहावयास लावले, तर प्रकरणे अधिक निघतील काय? मुळीच नाही. शिपायांची पावले जलद पडली, तरच काम वाढेल. ग्राफिक्स कार्डात कारकुनाच्या जागी मुख्य चिप आहे, दप्तरखाना म्हणजे मेमरी, आणि शिपायांची ये-जा म्हणजे मेमरीची वहनक्षमता. ईथॅशच्या सेटिंगांचे सारे शास्त्र या एका चित्रात सामावलेले आहे: कारकुनाचा पगार उतरवावा आणि शिपायांचा वेग वाढवावा.

आता हे आकड्यांनी पाहू. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०७० हे कार्ड २०२० मध्ये बाजारात आले. त्याची मेमरी मुख्य चिपशी २५६ वाहिन्यांनी जोडलेली असून प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला १४ अब्ज बिट वाहतात. १४ गुणिले २५६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४४८ अब्ज बाइट. या संख्येस ८,१९२ ने भागले असता ५ कोटी ४७ लक्ष येतात. सेकंदाला इतके ठसे ही या कार्डाची, कारखान्याने लावून दिलेल्या मेमरीच्या वेगावरची, कमाल मर्यादा होय. मुख्य चिप कितीही पळविली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. प्रत्यक्षात सेटिंग न बदलता हे कार्ड ५ कोटी १० लक्षांच्या आसपास ठसे काढीत असे. परंतु मेमरीचा वेग १४ वरून १६ अब्जांपर्यंत नेला की वहनक्षमता ५१२ अब्जांवर जाते आणि मर्यादा ६ कोटी २५ लक्ष होते. चांगले लावलेले कार्ड ६ कोटी १० लक्षांपर्यंत पोहोचे, हा अनुभव या गणिताशी तंतोतंत जुळतो.

ही झाली कामाची बाजू. विजेची बाजू याहून मनोरंजक आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: चिप सेकंदाला किती ठेके घेते ती वारंवारता, आणि तिला पुरविलेले व्होल्टेज. खर्च वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो. परंतु व्होल्टेजच्या तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट झाले तर खर्च चौपट. येथेच काटकसरीची किल्ली आहे. समजा, चिप १,९०० मेगाहर्ट्झवर १.०५ व्होल्टने चालली आहे. ती १,२०० मेगाहर्ट्झवर उतरविली, तर ती ०.७५ व्होल्टवरही सुखाने चालू शकते. कारण सावकाश चालणाऱ्यास दम कमी लागतो. वारंवारता ६३ टक्क्यांवर आली. व्होल्टेजचा वर्ग ५१ टक्क्यांवर आला. दोहोंचा गुणाकार ३२ टक्के. मुख्य चिपचा बदलणारा खर्च एकतृतीयांशाच्याही खाली आला आणि कामात घट जवळजवळ झालीच नाही, कारण तो कारकून तसाही रुमालांची वाटच पाहत होता.

कारखाना मग कार्ड असेच लावून का देत नाही, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, कारखान्याने ते खेळ आणि चित्रे यांसाठी घडविलेले असते. तेथे मुख्य चिपच्या वेगालाच महत्त्व. शिवाय कारखान्यातून निघणाऱ्या दोन चिपा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. त्यांतील सर्वांत दुबळी चिपही अडखळू नये म्हणून व्होल्टेज सढळ हाताने दिलेले असते. समारंभाच्या स्वयंपाकात आचारी चार पाने जास्तीची धरतो, त्यातलाच हा प्रकार. ज्याला आपल्या कार्डाची नेमकी भूक ठाऊक झाली, तो ही जास्तीची पाने वाचवू शकतो.

ती भूक ओळखण्याची रीत धीराची आहे. कार्डाच्या तीन किल्ल्या माणसाच्या हाती असतात: विजेची कमाल मर्यादा, मुख्य चिपची वारंवारता आणि मेमरीची वारंवारता. चौथी पंख्याच्या वेगाची. विंडोजवर आफ्टरबर्नरसारख्या आज्ञावलीतून आणि लिनक्सवर लेखी आज्ञांनी त्या फिरविता येतात. अनुभवी माणसांचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच किल्ली फिरवावी आणि फिरविल्यावर आकडे वहीत टिपून ठेवावे. दोन किल्ल्या एकदम फिरविणाऱ्यास लाभ कशाने झाला आणि बिघाड कशाने, हे कधीच कळत नाही.

प्रथम मुख्य चिप उतरवावी. शंभर-शंभर मेगाहर्ट्झने ती खाली आणीत जावी. कितीतरी पायऱ्या उतरूनही ठशांचा वेग हलत नाही. मात्र वीज दर पायरीला कमी होते. अखेर एक पायरी अशी येते की, तेथे ठसे घटू लागतात. याचा अर्थ कारकून आता शिपायांना पुरा पडत नाही. तेथून एक पायरी वर चढून थांबावे. येथे एक बारकावा आहे. केवळ विजेची मर्यादा खाली आणली, तर कार्ड त्या मर्यादेत वारंवारता वरखाली करीत राहते. वारंवारताच एका आकड्यावर बांधून टाकली, तर ते तेवढ्यास पुरेल इतकेच व्होल्टेज घेऊन स्थिर चालते. म्हणून जाणकार नुसत्या मर्यादेवर विसंबून राहत नसत.

त्यानंतर मेमरी चढवावी, आणि तीही हलक्या हाताने. येथे लोभाची परीक्षा असते. मेमरी मर्यादेबाहेर नेली की कार्ड दर वेळी बंद पडतेच असे नाही. तसे पडले असते तर बरे झाले असते. आधुनिक मेमरीत वाहतुकीतील चूक ओळखून तोच मजकूर पुन्हा मागविण्याची सोय असते. त्यामुळे वेगाचा आकडा वाढवूनही ठसे घटू लागतात. घाईने धावणारे शिपाई रुमाल वाटेत सांडतात आणि पुन्हा हेलपाटा घालतात. काही वेळा ठसेच चुकीचे निघतात. एकटे कार्ड कोडे सोडवील याचा भरवसा नसल्याने बहुतेक लोक ‘पूल’ नावाच्या सहकारी मंडळीत सामील होत आणि केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटा घेत. चुकीचा ठसा पूल नाकारतो. म्हणून खरा आकडा आपल्या पडद्यावरचा नव्हे, तर पुलाने स्वीकारलेल्या कामाचा. पडद्यावर साडेसहा कोटी दिसावे आणि पदरात सहा कोटींचेच पडावे, अशी फसगत पुष्कळांची झाली. दहा मिनिटांच्या चाचणीवर विश्वास न ठेवता एक अहोरात्र कार्ड चालवून पाहणे हाच यावरचा उपाय.

मेमरीचा दुसरा शत्रू उष्णता. २०२० च्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या मोठ्या कार्डांत अधिक वेगवान जातीची मेमरी होती आणि ती फार तापे. मुख्य चिप ६० अंशांवर शांत दिसत असताना मेमरीचा अंतर्भाग ११० अंशांवर जाऊन पोहोचे. तेथे कार्ड आपण होऊन वेग कमी करी. मालकाला कारण कळत नसे, कारण त्याची नजर मुख्य चिपच्या तापमानावरच असे. पुष्कळांनी कार्ड उघडून मेमरी आणि धातूचे पाते यांच्यामधील उष्णतावाहक पट्ट्या बदलल्या, आणि तापमान लक्षणीय उतरले. ज्या प्रांतांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या शहरांत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. प्रत्येकी १२५ वॅटची सहा कार्डे म्हणजे खोलीत अहोरात्र पेटलेली साडेसातशे वॅटची शेगडी. ती उष्णता बाहेर घालविण्यासाठी वातानुकूलन लावले, तर काटकसरीने वाचविलेली वीज मागील दाराने निघून जाते.

आकड्यांविषयी आणखी एक इशारा द्यावयास हवा. पडद्यावर दिसणारी वॅटची संख्या ही नेहमीच खरी नसते. एएमडी कंपनीच्या जुन्या कार्डांत ती केवळ मुख्य चिपपुरती असे, अख्ख्या कार्डाची नव्हे. त्यावर मदरबोर्ड, पंखे आणि पॉवर सप्लाय यांचा खर्च वेगळा. चांगला पॉवर सप्लायदेखील घेतलेल्या विजेतील दहा टक्क्यांच्या आसपास उष्णतेच्या रूपाने गमावितो. म्हणून भिंतीवरील प्लगमध्ये लावण्याचे छोटे मीटर घेऊन तेथील आकडाच हिशेबात धरावा. वीज कंपनीही तोच धरते.

आणि काटकसर कोठे करू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. एका मदरबोर्डला पुष्कळ कार्डे जोडण्यासाठी ‘रायझर’ नावाचे जोड वापरतात. त्यांना वीज देण्यासाठी काही जण हार्ड डिस्कची साटा जोडणी लावीत. ही जोडणी बारा व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच भार पेलण्यासाठी बनविलेली आहे; कार्ड मात्र त्या मार्गाने ६६ वॅटपर्यंत मागू शकते. परिणामी जोडण्या वितळल्याचे आणि ठिणग्या उडाल्याचे प्रकार घडले. घरात माणसे झोपलेली असताना चोवीस तास चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत चार रुपयांची तार वाचविणे ही काटकसर नव्हे. तो अविचार होय.

इतक्या खटाटोपाचे फळ काय, हे आता रुपयांत मोजू. सेटिंग न बदललेले ३०७० कार्ड २२० वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. हिशेबापुरते २०० धरू. दिवसाला ४.८ युनिट. नीट लावलेले कार्ड १२५ वॅटवर चालले, तर दिवसाला ३ युनिट. एका कार्डामागे १.८ युनिट, सहा कार्डांमागे १०.८, आणि तीस दिवसांच्या महिन्यात ३२४ युनिट वाचले. युनिटचा दर आठ रुपये धरला तर ही रक्कम २,५९२ रुपये होते. एका बाजूने काम ५ कोटी १० लक्षांवरून ६ कोटी १० लक्षांवर गेले आणि दुसऱ्या बाजूने वीज २०० वरून १२५ वर आली. म्हणजे प्रत्येक वॅटमागचे काम जवळजवळ दुप्पट झाले. नवे यंत्र नाही, नवे भांडवल नाही. केवळ चार आकडे बदलले.

भारतात या बचतीला आणखी एक अर्थ आला. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला आणि संपादनखर्चाखेरीज दुसरी वजावट नाकारण्यात आली. मायनिंगच्या साधनसामग्रीवरील खर्च हा संपादनखर्च धरला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, जास्तीचा एक रुपया मिळविला तर त्यातील सत्तर पैसे हाती राहत. विजेत वाचविलेला रुपया मात्र सबंध हाती राहतो. यंत्राची किंमत, वीज आणि कर हे सारे एकत्र मांडले असता ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी गत होणार नाही ना, हे पाहण्याचे काम मायनिंग करणाऱ्याचे स्वतःचे होते.

ईथॅशसाठी शोधलेले आकडे सर्वत्र चालतील, असे मात्र कोणी समजू नये. रेव्हनकॉइनच्या कोड्यात मुख्य चिपला भरपूर काम असते. तेथे ती फार उतरविली तर ठसे लगेच घटतात. कास्पाच्या कोड्यात तर स्थिती अगदी उलट: मेमरीला जवळजवळ कामच नाही. तेथे लोक मेमरीची वारंवारता तळाशी नेऊन ठेवीत आणि वीज मुख्य चिपकडे वळवीत. म्हणजे एका कचेरीत शिपाई धावावयास हवेत, तर दुसऱ्या कचेरीत शिपायांना रजा देऊन कारकुनालाच चहा पाजावा. आकडे पाठ करणाऱ्यास प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. काम कोठे अडते हे ओळखणाऱ्यास आकडे आपोआप सापडतात.

येथवर एकट्या माणसाचा हिशेब झाला. सर्वांचा मिळून हिशेब केला, तर चित्र पालटते. ऑगस्ट २०२२ मध्ये ईथिरियमच्या साऱ्या जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ९०० लक्ष कोटी ठसे इतका होता. ६ कोटी १० लक्षांचे एक कार्ड त्यात जवळजवळ दीड कोटीत एक. दर तेरा-चौदा सेकंदांना एक पान जोडले जाई. त्या हिशेबाने एकट्या कार्डाला एक पान मिळण्यास सरासरीने सहा वर्षांहून अधिक काळ लागला असता. आणि पानांची संख्या तर ठरलेली. लोकांनी वेग वाढविला की कोडे आपोआप कठीण होई आणि पाने तितकीच राहत. म्हणून वेगवाढीचा लाभ इतरांनी तो करीपर्यंतच टिके. सर्वांनी मेमरी चढविली की प्रत्येकाचा वाटा पुन्हा पूर्वीइतकाच. विजेच्या बचतीचे तसे नव्हते. शेजाऱ्यानेही वीज वाचविली म्हणून आपली बचत कमी होत नाही. या धंद्यात जे खरोखर टिकणारे होते, ते वेग नव्हे; ती मितव्ययता होती.

परंतु समाजाची वीज त्यामुळे वाचली काय? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशाविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, वाफेचे यंत्र कमी कोळशात अधिक काम करू लागले म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही; यंत्र स्वस्त पडते, म्हणून अधिक ठिकाणी बसविले जाते आणि एकूण खप वाढतो. मायनिंगमध्ये हेच घडले. एका कार्डाचा खर्च उतरला, तेव्हा पुष्कळांनी वाचलेल्या विजेत आणखी एक कार्ड बसविले. २०२१ मध्ये चीनने आपल्या देशातील मायनिंग बंद केले. जानेवारी २०२२ मध्ये वीजटंचाईने गांजलेल्या कोसोवोनेही तेच पाऊल उचलले. व्यक्तीची काटकसर आणि समाजाची काटकसर या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

समाजाची बचत अखेर झाली ती कार्डाच्या किल्ल्यांनी नव्हे, तर कोडेच काढून टाकल्याने. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ईथिरियमने पाने जोडण्याचा अधिकार श्रमाऐवजी ठेवीवर सोपविला. ज्याने आपली नाणी तारण ठेवली, त्यास सोडतीने संधी. कार्डांची गरज एका दिवसात संपली आणि त्या जाळ्याचा वीजखर्च सुमारे ९९.९५ टक्क्यांनी उतरला. लाखो कार्डांना काम उरले नाही. ती ईथिरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान चलनांकडे वळली. परंतु लहान विहिरीवर साऱ्या गावाच्या घागरी आल्या, तर प्रत्येकीच्या वाट्यास पाणी किती येणार? उत्पन्न घसरले, विजेचा खर्च त्याहून वर गेला, आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. ज्यांनी उत्पन्न कायम राहील असे धरून कर्जाने यंत्रे घेतली होती, त्यांना सर्वांत मोठी झळ लागली. सेटिंगांचा हिशेब ज्यांनी दशांशापर्यंत केला, त्यांतील अनेकांनी हा एक हिशेब केलाच नव्हता.

मग ही सारी विद्या वाया गेली काय? तसे म्हणता येणार नाही. मुख्य चिपचे व्होल्टेज उतरवून तेच काम कमी विजेत करून घेण्याची रीत आजही खेळ खेळणारा, चित्रपट संपादित करणारा किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते चालविणारा माणूस वापरू शकतो. कार्ड थंड राहते, पंख्याचा आवाज कमी होतो, आयुष्य वाढते. त्यासाठी कोणा परक्याने सांगितलेले आकडे डोळे मिटून भरावयाचे नाहीत. काम कोठे अडते ते पाहावयाचे, तेथे बळ द्यावयाचे आणि अन्यत्र ते आवरावयाचे. आणि हे सर्व झाल्यावर एकदा मान वर करून विचारावयाचे की, ज्या भांड्याखाली हा जाळ इतक्या नेमकेपणाने लावला, त्या भांड्यात शिजत तरी काय आहे. जाणती गृहिणी जाळ उतरविते, पण चुलीवर भांडे कशासाठी चढविले आहे, याचाही विसर ती पडू देत नाही.